झिजेचे माप

एखाद्या वस्तूचे नाव तिच्यात काय आहे यावरून न ठेवता तिच्यात काय नाही यावरून ठेवण्याची आपल्याला मोठी हौस आहे. बिनतारी संदेश, बिनसाखरेचा चहा, बिनव्याजी कर्ज ही त्याच मासल्याची नावे. बिनगिअरची स्कूटर ही याच कुळातली. बिनव्याजी कर्जातले व्याज कोठेतरी दडलेले असते हे व्यवहारी माणसाला सांगावे लागत नाही. परंतु बिनगिअरच्या गाडीत गिअर कोठे दडला आहे, असा प्रश्न चार शहाणी माणसे एकत्र जमली तरी कोणी विचारीत नाही. मूठ पिळली की गाडी धावते आणि सोडली की मंदावते, एवढ्यावर सर्वांचे समाधान असते. मला मात्र या नावाविषयी पूर्वीपासून थोडी शंका होती. रस्त्यावरचे चढ तर कमी झालेले नाहीत, आणि गाडीवर बसणाऱ्यांची वजनेही घटलेली नाहीत. मग जे काम पूर्वी गिअर करीत असे, ते आता कोण करते?

माझ्या लहानपणी पुण्यात स्कूटर ही विकत घेण्याची नव्हे, तर वाट पाहण्याची वस्तू होती. नोंदणी करावी आणि वर्षे मोजीत बसावे. आमच्या वडिलांची पाळी आली तेव्हा घरी आली ती आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक. तिचे गिअर डाव्या मुठीत असत. क्लच दाबावयाचा, तीच मूठ वर किंवा खाली पिळावयाची आणि मग क्लच हलकेच सोडावयाचा. "गिअर हाताने नाही, कानाने टाकायचा," असे वडील सांगत. इंजिनाचा आवाज जड झाला की खालचा गिअर, मोकळा झाला की वरचा. पुढे उभा राहिलेला मी त्यांच्या मनगटाकडे पाहत असे, आणि कोणत्या चढावर दुसरा पडणार हे मला आधीच ठाऊक असे. सांगावयाचे एवढेच, की त्या गाडीतले श्रम दिसत होते. चढ आला, मनगट वळले, आवाज बदलला. कोण किती ओढीत आहे याचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली असे. तिच्या श्रमांना असे मनगट नव्हते.

पुढे १९८४ मध्ये पुण्याचा कायनेटिक उद्योग आणि जपानची होंडा कंपनी यांच्या भागीदारीतून कायनेटिक होंडाची स्थापना झाली, आणि तिची स्कूटर बाजारात आली. बटण दाबले की ती सुरू होई. हाताला क्लच नव्हता, मुठीत गिअर नव्हता. पुरुषमंडळींनी आरंभी तिला "बायकांची गाडी" म्हणून हिणवले. ते हिणवणे एका अर्थाने खरे ठरले, कारण शहरातल्या मुली आणि बायका तीवर बसल्या त्या पुन्हा मागच्या आसनावर गेल्या नाहीत. मागे पाय सोडून बसणारी बाई पुढे मूठ धरून बसली, हा आमच्या मध्यमवर्गातला फार मोठा पालट. त्यासाठी सभा भरली नाही की ठराव झाला नाही. दूध, दळण, मुलांची शाळा, सासूबाईंचे डोळ्यांचे डॉक्टर आणि प्रसंगी पायांपाशी उभे केलेले गॅसचे सिलिंडर, असा सारा संसार त्या गाडीने वाहिला. इंग्रजीत उपयुक्त वाहन म्हणून ज्या प्रकाराचे कौतुक चालते, ते आमच्या घरांपुरते हेच.

या गाडीची युक्ती मात्र जपानची नव्हे आणि आपलीही नव्हे. मोटारीत ती नावारूपाला आणली हॉलंडने. तिथल्या आइंडहोव्हन शहरातल्या डाफ कारखान्याच्या हुब व्हान डोर्ने यांनी बेतलेली एक छोटी मोटार १९५८ मध्ये लोकांपुढे आली. तिच्या इंजिनाचे बळ दातेरी चाकांच्या उतरंडीऐवजी रबरी पट्ट्यांनी मागच्या चाकांकडे नेले होते, आणि पट्टा ज्या पुल्यांवर फिरे त्या आपला व्यास चालता चालता स्वतःच बदलीत. त्या यंत्रणेला त्यांनी 'व्हेरिओमॅटिक' हे नाव दिले. या मोटारीची एक गंमत अशी, की ती जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके. आणि विनोदी डच लोकांनी पुढे अशा मोटारींच्या उलट्या धावण्याच्या शर्यतीही भरविल्या. पट्टा आपला बिचारा जुळवून घेत असतो. आपण पुढे चाललो आहो की मागे, याची विचारपूस तो करीत नाही.

हे सारे मी पुस्तकी ज्ञान म्हणून जाणत होतो. प्रत्यक्ष पट्ट्याची गाठ पडली ती गेल्या दिवाळीच्या आगेमागे. माझी पत्नी एका मुलींच्या शाळेत गणित शिकविते. तिच्या मावशी सासवडला असतात, आणि दिवे घाट ओलांडून स्कूटरवरून त्यांच्याकडे जाण्याचा तिचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. त्या खेपेस परत आल्यावर ती म्हणाली, "चढावर इंजिन नुसतं ओरडतं, आणि गाडी मात्र पुढं सरकत नाही. शिवाय रबर जळल्यासारखा वास येतो." रविवारी सकाळी आम्ही दोघे आमच्या नेहमीच्या कारागिराकडे गेलो. साठीच्या घरातला हा गृहस्थ. चेतकच्या काळापासून गाड्या उघडत आलेला, आणि बोलण्यापेक्षा पान्यावर अधिक विश्वास असलेला. त्याने गाडी एकदा गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, बेल्टचं काम दिसतंय. आधी उघडतो, मग बोलू."

गाडीच्या डाव्या अंगाचे लांबट झाकण निघाले, आणि इतकी वर्षे ज्याच्या शेजारी पाय ठेवून आम्ही हिंडलो ते रहस्य उघडे पडले. पुढच्या टोकाला इंजिनाच्या दांड्यावर बसविलेली एक पुली, मागच्या टोकाला चाकाजवळ दुसरी, आणि दोहोंना वेढून बसलेला काळा रबरी पट्टा. प्रत्येक पुली दोन भागांची. दोन बशा बुडाला बूड लावून धराव्यात म्हणजे त्यांच्यामध्ये जशी निमुळती खोबण होते, तशी खोबण या दोन भागांमध्ये असते, आणि पट्ट्याच्या उतरत्या कडा तीत पाचरीसारख्या बसतात. पट्टा खोबणीच्या तळाला टेकत नाही. त्याची सारी पकड दोन्ही बाजूंच्या दाबावर असते. पुलीची एक बशी पक्की, दुसरी सरकती. बशा दूर गेल्या की पट्टा आत उतरतो आणि पुली लहान असल्यासारखी वागते. जवळ आल्या की पट्टा कडेकडे चढतो आणि तीच पुली मोठी होते. गिअर दडला आहे तो असा. किंबहुना चेतकला चार गिअर होते. हिला किती आहेत ते मोजताच येणार नाहीत, कारण एका प्रमाणातून दुसऱ्यात जाताना मध्ये पायरीच नाही.

आता बशा सरकवितो कोण? पुढच्या पुलीच्या पोटात सहा लहान रूळ असतात. आपले लोक त्यांना रोलरच म्हणतात. ते तिरक्या खाचांत बसविलेले असतात. इंजिन वेगाने फिरू लागले की गोफणीतला दगड जसा बाहेर ओढ घेतो, तसे हे रूळ बाहेरच्या अंगाला धाव घेतात, तिरक्या खाचेवर चढतात आणि सरकत्या बशीला पुढे रेटतात. पट्टा पुढे कडेकडे चढतो. परंतु पट्ट्याची लांबी काही वाढत नाही. म्हणून तो मागच्या पुलीत तितका आत खेचला जातो आणि तिथल्या बशांना दूर सारतो. निघताना पुढची पुली दोन-अडीच फेरे घेई तेव्हा मागची एक घेत होती. आता मागची पुढचीच्याही पुढे जाऊ लागते. जोर कमी, वेग जास्त. वडिलांचे मनगट जे करी, ते हे सहा रूळ करतात.

पण मागच्या बशा सहजासहजी दूर जात नाहीत, आणि ही या रचनेतली खरी मख्खी आहे. त्यांच्यामागे एक दणकट स्प्रिंग त्यांना सारखी जवळ आणू पाहत असते. त्यातच मागच्या सरकत्या बशीला तिरप्या खाचा असतात, आणि त्यांत खुंट्या बसविलेल्या असतात. चढ लागला, चाकावर भार आला, की ही बशी किंचित पिळली जाते आणि त्या खाचांच्या तिरपेपणामुळे बशा अधिकच आवळल्या जातात. पट्टा मागे कडेकडे चढतो, पुढे आत उतरतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते. कानाने गिअर टाकणारे आमचे वडील या ठिकाणी त्या खाचांच्या रूपाने बसलेले आहेत असे मला वाटले. मागच्या पुलीला जोडूनच क्लच असतो. इंजिन मंद असताना त्याचे अस्तर लावलेले तुकडे आपल्या लहान स्प्रिंगांनी आत ओढलेले राहतात. वेग वाढला की ते फाकून बाहेरच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरू लागते. म्हणूनच सिग्नलपाशी इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

माझी पत्नी स्टुलावर बसून हे पाहत होती. गणिताच्या माणसाला यंत्र पाहूनही गणितच दिसते. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता एक त्रिज्या जितकी वाढते तितकीच दुसरी घटते, ते अगदी बरोबर नाही." मी असे काही म्हटल्याचे मला आठवत नव्हते, पण संसारात अशा ठिकाणी हरकत घ्यावयाची नसते. तिने पिशवीतल्या बिलाच्या पाठीवर दोन वर्तुळे काढली आणि समजावून दिले, की पट्ट्याची लांबी आणि दोन पुल्यांमधले अंतर ही कायम धरली, तर दोन त्रिज्यांची बेरीज मात्र कायम राहत नाही. एक फार मोठी आणि दुसरी फार लहान असली तर बेरीज घटते. दोन्ही सारख्या होतात, नेमक्या त्या क्षणी ती सर्वांत मोठी असते. एवढे सांगून तिने कागद घडी करून पिशवीत टाकला. त्यावर काही भाष्य केले नाही, म्हणून मीही केले नाही.

कारागिराने पुढचा नट सोडविला. पुली फिरू नये म्हणून तिला एका हत्याराने धरावे लागते. खिळा-हातोडीने जागा अडवून काम उरकणारे हात पुलीचे पाते मोडून बसतात, असे त्याने जाता जाता सांगितले. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या बशीला पंख्यासारखी पाती असतात. पट्टा घर्षणावर जगतो, घर्षणात उष्णता आहे, आणि उष्णता रबराचा काळ. म्हणून ही पाती त्या पेटीत वारा खेळविण्यासाठी. पट्टा हातात घेऊन त्याने तो उलटा वाकविला. आतल्या बाजूचे दाते ते पट्टा सहज वाकावा आणि थंड राहावा यासाठी असतात; त्यांच्या मुळाशी चीर पडली आहे का ते पाहावयाचे. नंतर कडा पाहिल्या. त्या काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर पट्टा घसरत होता असे समजावे. मग दोऱ्या. पट्ट्याच्या पोटात ताण सोसणारे बळकट धागे असतात, ते कडेने निसटले असतील तर पट्टा संपला. चीर नव्हती, निसटलेला धागा नव्हता. कडांवर थोडी चकाकी होती, इतकेच. मग त्याने खिशातून व्हर्निअर काढून तीन-चार ठिकाणी रुंदी मोजली.

"सतरा भरतोय. नवा साडेअठराचा. गेला हा मर्यादेच्या खाली."

"दिसतो तर चांगला धडधाकट," मी म्हणालो.

"सर, बेल्ट दिसण्यावर नसतो, मापावर असतो. तुटायच्या आदल्या दिवशीपण असाच दिसतो."

अनेक वर्षे तर्कशास्त्र शिकवूनही मला इतके नेटके वाक्य वर्गात साधलेले नाही. पट्टा अरुंद झाला की तो खोबणीत जरा खोल बसतो. वर चढण्याची त्याची मजल कमी होते, पकड ढिली पडते, आणि चढावर इंजिनाचे बळ चाकाला न मिळता उष्णतेत जाते. म्हणूनच गाड्यांच्या पुस्तिकांतून पट्टा ठरावीक मजलेनंतर तपासावा आणि पुढच्या ठरावीक मजलेला बदलावा असे सांगितलेले असते. काही गाड्यांना ही बदलण्याची मजल २४,००० किलोमीटरांच्या आसपास असते. तुटल्यावर बदलावा असे कोणतीही पुस्तिका सांगत नाही, कारण पट्टा तुटतो तो घाटात, रात्री आणि पावसात.

पुढचे काम त्याने ज्या निगुतीने केले ते पाहण्यासारखे होते. पेटीतली काळी भुकटी, म्हणजे झिजलेल्या पट्ट्याची आणि क्लचच्या अस्तराची रक्षा, त्याने ब्रशाने काढून वाऱ्याच्या नळीने साफ केली. रोलर एकेक करून बोटांत फिरवून पाहिले. दोघांना एका अंगाने सपाटी आली होती. असा रोलर गोल फिरत नाही, खाचेत घसरत अडखळतो, आणि गाडी वेग घेताना आचके देते. म्हणून सहाही बदलले, कारण नव्या-जुन्यांचे वजन सारखे नसले तर ती बशी सरळ रेटली जात नाही. बशांचे उतार स्वच्छ कोरडे पुसले. तिथे तेलाचा एक थेंबही चालत नाही. नवा पट्टा त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवून घातला. आणि मग एक बारीक गोष्ट. मागच्या बशा हातांनी फाकवून, स्प्रिंग दाबून, पट्टा तिथे खोल बसविला. त्यामुळे पुढे तो सैल राहिला. असे न केले तर पुढचा पट्टा दोन बशांमध्ये चिमटला जातो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो आवळलेला असतो पट्ट्यावर, दांड्यावर नव्हे. आणि चार मैलांवर तो सुटतो. शेवटी ठरलेल्या ताकदीपुरताच आवळणाऱ्या पान्याने नट बसवून त्याने झाकण लावले.

हीच यंत्रणा थोरल्या अंगाने अमेरिकेतल्या शेतावर राबते. गवताच्या गासड्या, कुंपणाचे खांब, खताची पोती वाहण्यासाठी तिथे जी चार चाकांची उघडी उपयुक्त वाहने वापरतात, त्यांतल्या पुष्कळ वाहनांत असाच पट्टा असतो. फरक असा, की पुढच्या पुलीत बहुधा रोलरांऐवजी वजनदार भुजा असतात, आणि बऱ्याच गाड्यांत आमच्या स्कूटरसारखा वेगळा क्लच नसतो. थांबलेल्या गाडीत पुढच्या बशा दूर राहून पट्टा सैल सोडतात, आणि निघताना त्याच त्याला पकडतात. म्हणजे क्लचचे घसरणेही पट्ट्यानेच सोसावयाचे. म्हणून तिथल्या शेतकऱ्याला बजावलेले असते, की जड ओझे घेऊन हळू चालावयाचे असेल तर सावकाश गतीचा जोड वापर, नाहीतर पट्टा जाळशील. पेटीत पाणी शिरले तर चाकांचा जोड सोडून इंजिन फिरव आणि पट्टा सुकू दे. नवा पट्टा घातल्यावर पहिले काही मैल जपून चालव, त्याला आपल्या पुलीची ओळख होऊ दे. आणि सर्वांत महत्त्वाचे: चाक चिखलात रुतले असता इंजिनाला जोर देत राहू नकोस. चाक हलत नाही, पट्टा हलत नाही, आणि पुढची पुली मात्र फिरत राहते. ती पट्ट्याला एकाच जागी कातरते. सर्वत्र सारखा झिजलेला पट्टा मापाने ओळखता येतो आणि वेळेवर बदलता येतो. एकाच जागी कातरलेला पट्टा बाकी सर्वत्र नव्यासारखा असूनही प्रत्येक फेऱ्याला धक्का देत राहतो.

मराठी घरात मुलीला सासरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या उपदेशाचा सारांश दोनच शब्दांत सांगता येतो: जुळवून घे. या शब्दांचा अर्थ सामान्यतः "सैल सोड" असाच समजला जातो. यंत्र पाहिल्यावर ध्यानात येते की हे दोन अर्थ परस्परविरुद्ध आहेत. मागची स्प्रिंग काढून टाकली तर पट्टा कोठेही, कितीही जाईल. त्याच्याइतका समजूतदार पट्टा सापडणार नाही. पण मग तो काहीच वाहून नेणार नाही. नुसता घसरेल, तापेल आणि जळेल. रूळ जितके रेटतात तितकेच कोणीतरी मागून धरून आहे, म्हणून जुळणी होते. विरोध नसलेली तडजोड ही तडजोडच नव्हे. ती घसरण आहे.

हा विचार मी त्या रात्री जेवणानंतर घरात मोठ्या उत्साहाने मांडला, आणि ओघात पत्नीची तुलना पट्ट्याशी केली. आमच्या घरात माझी ब्याऐंशी वर्षांची आई आहे. तिची औषधे, तिचे डोळ्यांचे डॉक्टर, तिच्या पथ्याचा स्वयंपाक हे सारे शाळा सांभाळून पत्नी गेली अकरा वर्षे करीत आली आहे. तुलना गौरवाची होती. परंतु ती तिला मानवली नाही. "पट्टा कशाला म्हणता मला?" ती म्हणाली. "पट्ट्याला आपण कुठं बांधलेलो आहोत ते ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे. म्हणायचंच तर मागची स्प्रिंग म्हणा. दाबली जाते, पण आपली जागा विसरत नाही." मग थोड्या वेळाने, काहीशा वेगळ्या आवाजात: "मात्र आज तो कारागीर बोलला ना, दिसण्यावर नसतो, मापावर असतो, ते मला लागू पडतं. मी अजून धड दिसते."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने ठाण्याला माझ्या धाकट्या भावाला फोन केला. वर्षातले चार महिने आईंनी त्यांच्याकडे राहावे असे तिने सरळ सांगितले. कारणे दिली नाहीत, भांडली नाही, आवाज चढविला नाही. भावाने, आणि त्याहून आश्चर्य म्हणजे भावजयीने, लगेच होकार दिला. अवघड गोष्ट होती ती आईला सांगण्याची, आणि तीही तिनेच, आईच्या पलंगावर बसून सांगितली. मी दाराशी उभा होतो. आई बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्या वेळी असलं काही कोणी मोजत नसत, बाई." त्या वाक्यात तक्रार होती की अभिमान, की आणखी काही, हे मी आजतागायत ठरवू शकलो नाही. आईने वडिलांच्या पाच बहिणींची बाळंतपणे याच घरात काढली आहेत. दोन दिवस ती फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपली पोथी, जपमाळ आणि दोन पातळे स्वतःच्या हातांनी पिशवीत भरली. ठाण्याला निघताना तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरविला. तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिला, एवढे मी पाहिले.

आता विजेच्या स्कूटरी आल्या आहेत. चेतक हेच नाव घेऊन २०२० मध्ये एक विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली, आणि तशा अनेक आहेत. विजेच्या मोटरला उभ्या जागेवरूनच भरपूर जोर असतो, त्यामुळे तिला व्यास बदलणाऱ्या पुल्या लागत नाहीत. काहींना पट्टा असतो, पण तो दातेरी आणि एकाच ठरलेल्या प्रमाणाचा. आमच्या कारागिराला याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "ह्या गाड्या आहेत तोवर बेल्ट आहे, सर, आणि बेल्ट आहे तोवर आम्ही." पुढेमागे रस्त्यावर कोणालाच जुळवून घ्यावे लागणार नाही, अशी सोय विज्ञानाने करून ठेवली आहे. घरासाठी तशी मोटर अद्याप निघालेली नाही. तिथे चढ आहेत, ओझी आहेत, आणि कोणी ना कोणी आपला व्यास बदलीत असणारच. ते असू द्यावे. पण त्याला मागे स्प्रिंग असावी, आणि मधूनमधून झाकण उघडून कोणीतरी माप घ्यावे.

जुना पट्टा कारागिराने रिवाजाप्रमाणे आमच्या हवाली केला, आणि झाकणाच्या कडेला पांढऱ्या पेनने पुढच्या तपासणीचा आकडा लिहून दिला. गाडीचे ठीक झाले. घरात असा आकडा कोठे लिहून ठेवावा, याचा मात्र मी अजून विचार करीत आहे.